चौदा इंजेक्शने आणि दमनकारी पेशी : अलर्क लसीकरणाच्या इतिहासातून मज्जासंस्थेच्या स्वयंप्रतिकार विकारांचा मागोवा

प्रस्तावना

मराठवाड्यातील कोणत्याही गावात पन्नाशी ओलांडलेल्या माणसापाशी कुत्रे चावल्याचा विषय काढला, तर पोटात घ्याव्या लागणाऱ्या 'चौदा इंजेक्शनां'चा उल्लेख हमखास होतो. परभणी जिल्ह्यातील पाथरी हे तालुक्याचे ठिकाण त्यास अपवाद नाही. ती इंजेक्शने ज्याने घेतली तोही त्यांविषयी बोलतो आणि केवळ ऐकली तोही बोलतो. मात्र त्या सिरिंजमध्ये नेमके काय होते, ते पोटाच्याच कातडीखाली का टोचले जाई आणि त्यामुळे क्वचित एखाद्याचे पाय कायमचे का जात, याची चर्चा मराठीतील वैद्यकविषयक इतिहासलेखनात फारशी झालेली नाही.

पाथरीचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. अकबरकालीन वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून 'आईन-ए-अकबरी'त पाथरीची नोंद आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळातील होता, असे फेरिश्ता सांगतो. परंतु सरकारे, परगणे आणि घराणी यांच्या इतिहासाबरोबरच सामान्य माणसाच्या शरीरावर घडलेला एक इतिहास असतो आणि तो बहुधा दप्तरात येत नाही. अलर्क रोगावरील, म्हणजे बोलीभाषेतील पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगावरील, लसीचा इतिहास हा त्यांपैकीच एक होय.

ही लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होत असे. तिने असंख्य प्राण वाचविले. तिनेच काहींना पांगळे केले. त्या पांगळेपणाच्या चौकशीतून मज्जासंस्थेच्या स्वयंप्रतिकार विकारांचे आधुनिक शास्त्र उभे राहिले आणि त्या शास्त्रातून प्रतिकारसंस्थेला आवर घालणाऱ्या दमनकारी पेशींची कल्पना पुढे आली, बदनाम झाली आणि पुन्हा प्रस्थापित झाली. या कल्पनेच्या संशोधकांना २०२५ सालचे शरीरक्रियाविज्ञान अथवा वैद्यक विषयाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. तालुक्याच्या दवाखान्यापासून या पारितोषिकापर्यंतचा धागा उलगडून दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

कसौलीपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत

६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या मुलास अलर्क लसीची पहिली मात्रा देवविली. अलर्काने मेलेल्या सशाचा मेरुरज्जू वाळवून ही लस तयार केली जाई. रज्जू जितका अधिक दिवस वाळविलेला, तितका त्यातील विषाणू दुर्बळ. ही पद्धत प्रभावी असली तरी ती प्रयोगशाळेपासून दूर नेता येत नव्हती. रज्जू ताजा हवा, ससे हवेत, प्रशिक्षित माणसे हवीत. म्हणून रुग्णानेच प्रयोगशाळेकडे जावे लागे.

हिंदुस्थानात १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था सुरू झाली. दक्षिणेसाठी १९०७ साली निलगिरीतील कुन्नूर येथे दुसरी संस्था उघडली. अमेरिकन दानशूर हेन्री फिप्स यांनी लॉर्ड कर्झन यांच्या हवाली केलेल्या देणगीचा तिच्या उभारणीत वाटा होता. पाथरी त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गामुळे परभणी जिल्हा बाहेरच्या जगाशी जोडला गेला होता हे खरे. तथापि गोदाकाठच्या एखाद्या खेड्यातून बैलगाडीने रेल्वे स्थानक गाठून तेथून हिमालयाच्या पायथ्याशी अथवा निलगिरीवर जाणे ही सामान्य कुणब्याच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. अलर्काचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत असतो आणि लस त्याच्या आधी पोचली तरच उपयोग. येथे अंतर हेच मरणाचे कारण होते.

ही अडचण डेव्हिड सेम्पल यांनी दूर केली. कसौली येथील मध्यवर्ती संशोधन संस्थेत काम करीत असताना १९११ साली त्यांनी कार्बोलिक आम्लाने विषाणू पूर्णतः मारून तयार केलेल्या लसीचे वर्णन प्रसिद्ध केले. विषाणू मेलेला असल्यामुळे ही लस बाटलीत भरून दूर पाठविता येऊ लागली. पुढे तिच्यासाठी मेंढीचा मेंदू वापरण्याची प्रथा रूढ झाली. मेंढी मोठी, तिचा मेंदू मोठा, एका जनावरापासून अनेक मात्रा. हिंदुस्थानासारख्या देशात कमी खर्चात हजारो माणसांना पुरेल अशी ही एकच लस होती. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेतही ती अनेक वर्षे तयार होत असे. कसौलीला जाणारा रुग्ण आता जिल्ह्याच्या, आणि कालांतराने तालुक्याच्या, दवाखान्यात जाऊ लागला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात या विकेंद्रीकरणाचे मोल मोठे आहे, आणि सेम्पल यांच्या लसीवर पुढे आलेले सर्व आक्षेप या पार्श्वभूमीवरच तोलले पाहिजेत.

लसीत साधारण पाच टक्के मेंदूद्रव्य असे. मात्रा मोठी असल्यामुळे ती दंडात देणे शक्य नव्हते. पोटाची कातडी सैल व विस्तीर्ण म्हणून तेथे, रोज जागा बदलून, ती दिली जाई. जखम किती गंभीर यावर इंजेक्शनांची संख्या ठरे. ती सात असू शके, परंतु लोकस्मृतीत चौदाच राहिली. सुई टोचलेली जागा सुजे, लाल होई, दुखे. एवढ्यावर भागले तर रुग्ण भाग्यवान समजला जाई.

लसीनंतरचा पक्षाघात

पाश्चर यांच्या हयातीतच लस घेतलेल्या काही व्यक्तींना पक्षाघात झाल्याचे वृत्तान्त येऊ लागले होते. सुरुवातीस ते दुर्लक्षिले गेले, कारण त्यांचा अर्थ लावणे अवघड होते. मनुष्य पांगळा झाला तो कुत्र्याच्या विषाणूने, लसीतील विषाणूने, की आणखी कशाने? अलर्काचाही एक पक्षाघाती प्रकार असतो, त्यामुळे गोंधळात भर पडे. १९२७ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय अलर्क परिषदेत या अपघातांची विस्ताराने चर्चा झाली. त्यानंतर कसौलीच्या पाश्चर संस्थेचे माजी संचालक अँडरसन मॅकेंड्रिक यांनी राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेसाठी जगभरातील पाश्चर संस्थांच्या अहवालांचे संख्याशास्त्रीय परीक्षण केले. साथीच्या रोगांच्या गणिती सिद्धान्तासाठी आज ओळखले जाणारे मॅकेंड्रिक ते हेच.

पक्षाघाताचे चित्र हळूहळू स्पष्ट झाले. तो सामान्यतः लस सुरू झाल्यापासून एक ते तीन आठवड्यांत येई. प्रथम ताप, डोकेदुखी, कंबरेत वेदना. मग कोणाचे दोन्ही पाय लुळे पडून लघवी अडे, कोणाचा चेहरा वाकडा होई, कोणास ग्लानी येई. सर्वांत भयंकर प्रकारात पायांपासून सुरू झालेला लुळेपणा वर चढत छातीपर्यंत येई आणि श्वास थांबे. जे वाचत त्यांपैकी पुष्कळ जण काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होत. काहींचे अपंगत्व मात्र राही. असे किती जणांना होई, याचे आकडे काही शेकड्यांत एक ते काही हजारांत एक इतके भिन्न आढळतात. ही तफावत लसीच्या प्रतीमुळे जशी होती तशीच मोजणीच्या पद्धतीमुळेही होती. इंजेक्शने संपवून गावी परतलेला मनुष्य दोन आठवड्यांनी अंथरुणाला खिळला तर लस देणाऱ्या दवाखान्याच्या नोंदवहीत त्याची खूण राहण्याचे कारण नव्हते. खेडे जितके दूर, तितका आकडा लहान.

येथे डॉक्टरपुढील पेच लक्षात घेतला पाहिजे. दहाव्या इंजेक्शनानंतर रुग्णाचे पाय जड झाले, तर लस थांबवावी की चालू ठेवावी? थांबवावी तर अलर्काचे भय, आणि अलर्क एकदा प्रकट झाला की मृत्यू जवळजवळ अटळ. चालू ठेवावी तर पक्षाघात वाढण्याचे भय. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यास हा निर्णय कोणत्याही तपासणीच्या आधाराविना घ्यावा लागे.

माकडांवरील प्रयोग आणि एक अनुत्तरित प्रश्न

दोष विषाणूचा नसून मेंदूद्रव्याचा असावा, हा तर्क सिद्ध करण्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील थॉमस रिव्हर्स यांच्याकडे जाते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. त्यात अलर्काचा विषाणू नव्हताच. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार आठ माकडांपैकी दोन पांगळी झाली. १९३५ च्या दुसऱ्या निबंधात मज्जातंतूंभोवतीच्या मायलिन आवरणाचा नाश स्पष्ट दाखविण्यात आला. म्हणजेच परक्या मेंदूविरुद्ध उठलेले शरीराचे सैन्य स्वतःच्याच मेंदूवर तुटून पडत होते. 'स्वयंप्रतिकार' ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधी हे दिसले होते. रिव्हर्स यांचा उद्देश लसीनंतरच्या पक्षाघाताचा उलगडा करण्याचा होता. हाती आले ते एका संपूर्ण रोगवर्गाचे प्रतिरूप.

या प्रतिरूपास पुढे 'प्रायोगिक स्वयंप्रतिकारी मस्तिष्क-मेरुरज्जुशोथ' असे नाव मिळाले. १९४० च्या दशकात ज्यूल्स फ्रॉइंड यांनी तेल व मृत क्षयजंतू यांच्या मिश्रणाचा सहायक द्रव्य म्हणून वापर रूढ केला. एल्विन कॅबट यांच्यासारख्या संशोधकांनी तेच मिश्रण मेंदूद्रव्यात घालताच, अनेक महिन्यांच्या टोचणीने होणारा रोग एक-दोन इंजेक्शनांत होऊ लागला. १९६० साली फिलिप पॅटर्सन यांनी रोगी उंदरांच्या लसीकाग्रंथींतील पेशी निरोगी उंदरांत घातल्या असता त्यांनाही तोच आजार झाला. रोग पेशींमार्फत जातो, हे त्यातून कळले. दोनच वर्षांत मायलिनमधील एक मूलभूत प्रथिन रोगजनक म्हणून ओळखले गेले. १९८१ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेत अव्राहम बेन-नून, हार्टमुट वेकर्ले व इरून कोहेन यांनी या प्रथिनास ओळखणाऱ्या टी पेशींचा वंश प्रयोगशाळेत वाढवून, केवळ त्या पेशी टोचून उंदीर आजारी पाडले.

लस घेतलेल्या माणसांच्या बाबतीतही हेच घडत होते, याचा पुरावा थायलंडमधून आला. थिरावत हेमाचुधा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखविले की सेम्पल लसीनंतर पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या शरीरात मायलिनच्या याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. माकडापासून उंदरापर्यंत गेलेला प्रवास पुन्हा दवाखान्यातील खाटेपाशी येऊन पोचला.

मात्र या साऱ्या प्रगतीत एक प्रश्न मागेच राहिला, आणि तो प्रश्न पाथरीसारख्या गावातूनच अधिक ठळक दिसतो. चौदा दिवस रोज मेंढीचा मेंदू टोचून घेतल्यावर पांगळे होणारे थोडे. मग उरलेल्या हजारोंना काहीच का झाले नाही? त्यांच्या शरीरात मायलिनला ओळखणाऱ्या टी पेशी नव्हत्या, असे म्हणता येत नाही. निरोगी माणसांच्या रक्तातही अशा पेशी सापडतात. आणि ज्यांना पक्षाघात झाला त्यांपैकी पुष्कळांचा आजार आपोआप का ओसरला, पुन्हा का उलटला नाही? लसीत फ्रॉइंड यांच्या मिश्रणासारखे सहायक द्रव्य नव्हते, प्रत्येकाची आनुवंशिक घडण वेगळी होती, ही उत्तराची एक बाजू झाली. दुसरी बाजू सापडण्यासाठी आक्रमण करणाऱ्या पेशींकडे नव्हे, तर त्यांना आवरणाऱ्या पेशींकडे पाहावे लागले.

दमनकारी पेशींचा उदय आणि अस्त

१९७० व १९७१ साली येल विद्यापीठातील रिचर्ड गर्शन यांनी काझुनारी कोंडो यांच्यासमवेत दोन निबंध प्रसिद्ध केले. उंदरांना मेंढीच्या रक्तपेशी विशिष्ट पद्धतीने दिल्या असता त्यांची प्रतिकारसंस्था त्या पेशींविषयी उदासीन होते, हे आधीच ज्ञात होते. (मेंढी या इतिहासात वारंवार येते, हा योगायोग नव्हे, प्रयोगशाळेस ती स्वस्त व सोयीची होती, जशी लस कारखान्यास होती.) गर्शन यांनी दाखविले की ही उदासीनता एका उंदराच्या टी पेशी दुसऱ्यात घातल्यास तिकडेही जाते. तिला त्यांनी 'सांसर्गिक सहिष्णुता' म्हटले. टी पेशी केवळ मदत करतात असा समज असताना, काही टी पेशी दडपण्याचेही काम करतात, हे विधान धाडसाचे होते.

मज्जासंस्थेच्या विकाराच्या क्षेत्रात ही कल्पना लगेच उचलली गेली. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे रॉबर्ट स्वानबोर्ग यांच्या गटाने लुईस जातीच्या उंदरांवर काम केले. या उंदरांचे वैशिष्ट्य असे, की त्यांना मायलिन प्रथिनाने पक्षाघात होतो, काही दिवसांत तो आपोआप उतरतो आणि नंतर पुन्हा तेच प्रथिन टोचले तरी रोग होत नाही. सेम्पल लसीच्या रुग्णाशी हे साम्य नजरेत भरण्याजोगे आहे. १९७५ साली या गटाने सहिष्णु केलेल्या उंदरांत दमनकारी पेशी असल्याचे दाखविले. १९८० साली, रोग ओसरण्याच्या काळात अशाच पेशी प्रकट होतात, असे प्रतिपादन केले. बरे होणे म्हणजे आजाराचे इंधन संपणे नव्हे, तर शरीराने केलेली एक सक्रिय कृती, असा त्याचा अर्थ होता.

याच सुमारास वाइझमन संस्थेतील एका कामाचाही उल्लेख करावयास हवा. मायकेल सेला, रूथ आर्नॉन व द्वोरा टायटेलबाउम यांनी मायलिन प्रथिनाची नक्कल म्हणून काही कृत्रिम बहुवारिके तयार केली. हेतू रोग निर्माण करण्याचा होता. रोग झाला नाहीच. उलट त्यांपैकी एकाने प्रायोगिक रोग दडपला, असे १९७१ साली प्रसिद्ध झाले. हेच द्रव्य पुढे ग्लाटिरामर या नावाने १९९६ साली अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावरील औषध म्हणून संमत झाले. ते नेमके कसे काम करते याची स्पष्टीकरणे अनेक असून नियामक पेशींची वाढ हे त्यांपैकी एक आहे.

दमनकारी पेशींच्या भाग्यात मात्र एवढ्यात उतार लिहिला होता. या पेशी वेगळ्या काढून दाखविता येतील अशी खात्रीची खूण कोणाजवळ नव्हती. दमन घडवून आणणारे म्हणून जे घटक वर्णिले गेले ते शुद्ध स्वरूपात हाती लागेनात. या पेशींची ओळख म्हणून 'आय-जे' नावाच्या एका जनुकभागाचा १९७६ पासून मोठा गवगवा झाला होता. १९८३ साली उंदराच्या त्या गुणसूत्राचे रेणवीय वाचन झाले, तेव्हा असे जनुक बसण्यास तेथे जागाच नसल्याचे आढळले. त्याच वर्षी गर्शन यांचे निधन झाले. त्यानंतर दशकभर 'दमनकारी टी पेशी' हा शब्दप्रयोग गंभीर संशोधकाने टाळावा अशी स्थिती होती. विज्ञानाच्या इतिहासात चुकीच्या कल्पना टाकून दिल्या जातात, तशा बरोबर कल्पनाही कमकुवत पुराव्यामुळे टाकल्या जातात. येथे दोन्ही एकाच वेळी घडले. आय-जे चूक होते. दमन खरे होते. स्वानबोर्ग यांचे उंदीर बरे होत होते, ही वस्तुस्थिती कोणत्याही जनुकनकाशाने पुसली गेली नव्हती.

नियामक टी पेशी

कल्पनेचे पुनरुज्जीवन जपानमधून झाले. १९६९ साली यासुआकी निशिझुका व तेरुयो साकाकुरा यांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लांची थायमस ग्रंथी काढली असता त्यांच्या बीजांडकोशाचा ऱ्हास होतो, असे निदर्शनास आणले होते. हा ऱ्हास स्वयंप्रतिकारी असल्याचे पुढे उघड झाले. प्रतिकारपेशी तयार करणारी ग्रंथी काढल्यावर प्रतिकार कमी होण्याऐवजी बेफाम का व्हावा? शिमोन साकागुची यांनी हा प्रश्न प्रतिकूल काळातही सोडला नाही. १९९५ साली त्यांनी दाखविले की निरोगी उंदराच्या सीडी४ टी पेशींपैकी सुमारे दहा टक्के पेशींवर सीडी२५ ही खूण असते. ती वगळून उरलेल्या पेशी टी पेशीविहीन उंदरांत घातल्यास अनेक अवयवांत स्वयंप्रतिकार रोग होतो. वगळलेल्या पेशी परत घातल्यास तो टळतो. गर्शन यांना जी खूण मिळाली नव्हती ती येथे मिळाली. जुन्या बदनामीपासून अंतर राखण्यासाठी नाव मात्र बदलले गेले : 'दमनकारी' ऐवजी 'नियामक'.

२००१ साली अमेरिकेत मेरी ब्रंकॉ व फ्रेड रॅम्सडेल यांनी 'स्कर्फी' नावाच्या रोगट उंदरातील सदोष जनुक शोधून काढले. त्यास फॉक्सपी३ असे नाव मिळाले. याच जनुकातील दोषामुळे मानवी बालकांत, विशेषतः मुलग्यांत, एक जीवघेणा स्वयंप्रतिकार विकार होतो हेही त्याच वर्षी उघड झाले. २००३ साली साकागुची यांच्या व अन्य दोन गटांच्या कामातून हे जनुक नियामक पेशींच्या घडणीचे सूत्रधार असल्याचे सिद्ध झाले. ब्रंकॉ, रॅम्सडेल व साकागुची या तिघांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले ते याच कार्यासाठी, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी.

मज्जासंस्थेच्या संदर्भात निर्णायक ठरलेला एक प्रयोग १९९४ सालचा आहे. हुआन लाफाये व सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने असे उंदीर घडविले की ज्यांच्या टी पेशी मायलिन प्रथिनालाच ओळखतात. त्यांपैकी थोड्यांनाच आपोआप पक्षाघात झाला. परंतु त्याच उंदरांत इतर कोणत्याही प्रकारच्या टी वा बी पेशी तयार होणार नाहीत अशी व्यवस्था करताच सर्वच्या सर्व आजारी पडले. शस्त्रे दोन्हीकडे तीच होती. फरक पहारेकऱ्यांचा होता. त्यानंतर २००२ साली स्टीफन मिलर यांच्या गटाने सीडी२५ धारण करणाऱ्या नियामक पेशी टोचून प्रायोगिक रोगाची तीव्रता घटविली. २००५ साली एडिंबरा येथील स्टीफन अँडरटन यांच्या गटाने दाखविले की नैसर्गिक रीत्या रोग उतरताना या पेशी मज्जासंस्थेतच गोळा होतात, आणि त्या काढून टाकल्यास बरे होणे अडखळते व पुढचे संरक्षण नाहीसे होते. डेट्रॉइटच्या प्रतिपादनास पंचवीस वर्षांनी मिळालेला हा दुजोरा होय.

चित्र अर्थात इतके सरळ नाही. काश्मिरी वंशाचे भारतीय शास्त्रज्ञ विजय कुच्रू यांच्या हार्वर्ड येथील गटाने २००६ साली दाखविले की एकच अननुभवी टी पेशी भोवतालच्या रासायनिक संकेतांनुसार दाहकारक टी-एच-१७ पेशी होऊ शकते अथवा नियामक पेशी. पुढच्याच वर्षी याच गटाने असेही दाखविले की दाह ऐन भरात असताना मज्जासंस्थेत पोचलेल्या नियामक पेशी आक्रमकांना आवरू शकत नाहीत. मनुष्याच्या बाबतीत, २००४ साली डेव्हिड हाफ्लर यांच्या गटास मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत या पेशींची संख्या नव्हे तर दमनशक्ती घटलेली आढळली. तेव्हा 'दमनकारी पेशी आहेत म्हणून रोग नाही' असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. पहारेकरी किती, कोठे, केव्हा पोचले आणि त्या क्षणी भोवताल कसा होता, यावर सर्व अवलंबून असते.

याच कसोटीवर सेम्पल लसीच्या रुग्णाकडे पुन्हा पाहता येते. त्याचा आजार एकदा येऊन जाई. मल्टिपल स्क्लेरोसिससारखा वर्षानुवर्षे उलटत नसे. पहिल्या धक्क्यानंतर नियमन पुन्हा बसविले जात असावे, असे प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे अनुमान करता येते. हे अनुमानच आहे. कारण ज्या काळात नियामक पेशी मोजण्याची साधने आली, त्याच काळात भारतातून ती लस गेली.

महाराष्ट्रात मल्टिपल स्क्लेरोसिसचा अभ्यास मुंबईत झाला. हा रोग भारतात दुर्मीळ समजला जाई. डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यासह १९९० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तो पारशी समाजात मात्र लक्षणीय प्रमाणात असल्याचे नोंदविले. मुंबईच्या मज्जाविकारतज्ज्ञाकडे एकाच काळात दोन प्रकारचे रुग्ण असत : शहरातील सुशिक्षित घरातला, आवर्ती आजाराचा, आणि सरकारी दवाखान्यात लस घेऊन आलेला. रोगप्रक्रिया एकमेकांच्या जवळच्या, परंतु त्यांचे सामाजिक पत्ते पूर्णतः वेगळे.

लस बंद होण्यास लागलेली वीस वर्षे

मेंदूद्रव्यविरहित लस तयार करणे अशक्य नव्हते. चिलीमध्ये १९५५ साली, मायलिन फारसे तयार न झालेल्या नवजात उंदरांच्या मेंदूपासून लस बनविण्यात आली. अमेरिकेतील विस्टार संस्थेत मानवी पेशींवर वाढविलेल्या विषाणूची लस सिद्ध झाली. १९७६ साली इराणमधून आलेल्या वृत्तान्तानुसार पिसाळलेल्या लांडग्यांनी व कुत्र्यांनी चावलेल्या पंचेचाळीस व्यक्तींना ती दिली असता सर्व वाचल्या. १९८४ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने मेंदूजन्य लसी बंद कराव्यात अशी शिफारस केली. पेशीसंवर्धित लस १९८० च्या दशकात भारतातही तयार होऊ लागली. तरीही मेंढीच्या मेंदूच्या लसीचे उत्पादन भारतात थांबले ते डिसेंबर २००४ मध्ये.

मधल्या वीस वर्षांचा हिशेब सोपा आहे. नवी लस महाग होती व औषधाच्या दुकानातून विकत घ्यावी लागे. जुनी सरकारी दवाखान्यात फुकट मिळे. ज्याच्या खिशात पैसे, त्याच्या दंडात पाच इंजेक्शने. ज्याच्या नाहीत, त्याच्या पोटात चौदा. पांगळेपणाची शक्यता अशा रीतीने उत्पन्नानुसार वाटली गेली होती. शासनाच्या बाजूनेही सांगण्यासारखे काही होते. अलर्काने मरणाऱ्यांची संख्या पांगळे होणाऱ्यांहून कितीतरी मोठी होती, आणि पुरेशी पर्यायी लस हाती येण्यापूर्वी जुनी बंद केली असती तर मृत्यू वाढले असते. परंतु हा युक्तिवाद पहिल्या पाच वर्षांसाठी जितका पटतो तितका विसाव्या वर्षासाठी पटत नाही. पैशाची अडचण सोडविणारा उपाय, म्हणजे नवी लस थोड्या मात्रेत कातडीच्या आत देण्याची पद्धत, थायलंडमध्ये १९८० च्या दशकातच विकसित झाला होता. भारतात त्यास परवानगी मिळाली २००६ साली.

आज पाथरी तालुक्यातील आरोग्य केंद्रात येणाऱ्या श्वानदंशाच्या रुग्णास लस दंडावर दिली जाते. कातडीच्या आत द्यावयाची असल्यास पहिल्या दिवशी व त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे हा त्याआधीचा उपचार. तिच्यात मेंदूद्रव्य नाही, म्हणून तो जुना पक्षाघातही नाही. तरीसुद्धा चौदा इंजेक्शनांची दहशत गावोगाव शिल्लक आहे. लस बंद होऊन दोन दशके लोटली तरी 'पोटात टोचतील' या भीतीने दवाखाना टाळून मंत्र्याकडे वा झाडपाल्याकडे वळणारा मनुष्य आढळतो, आणि त्याच्या बाबतीत १९११ सालची लस आजही अपाय करीत असते.